दुब्रॉव्हनिक - खंडणी भरून टिकलेले गाव

क्रूझवरून परत आल्यापासून नातेवाईकांचे फोन चालू आहेत. जहाज केवढे होते, शाकाहारी जेवण मिळाले का आणि बोट लागली का, हे तीन प्रश्न ठरलेले. त्यांची उत्तरे एकदाच इथे देऊन टाकतो. जहाज म्हणजे आपल्या सोसायटीच्या चार इमारती एकापुढे एक ठेवून पाण्यात सोडाव्यात तेवढे. जेवण मिळाले, पण पाचव्या दिवशी वरण-भाताची आठवण आलीच. बोट सौ.ना थोडी लागली, मला नाही. फोटो मुलीने सगळ्यांना पाठवलेले आहेत, त्यामुळे सूर्यास्ताचे वर्णन करत बसत नाही.

आज लिहायचे आहे ते एकाच मुक्कामाबद्दल. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर दुब्रॉव्हनिक नावाचे गाव आहे. आमचे जहाज तिथे सकाळी लागले आणि दुपारी चारपर्यंत परत या असे बजावण्यात आले. त्या सात-आठ तासांत काय बघून होणार? पण जाण्यापूर्वी थोडे वाचले होते आणि आल्यावर बरेच वाचले, आणि तेव्हापासून या गावाचा इतिहास डोक्यातून जात नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

मोठी जहाजे ग्रुझ नावाच्या बंदरात लागतात. तिथून जुने गाव दोन-तीन किलोमीटरवर आहे. बसने पिले दरवाजापाशी उतरलो आणि समोर तट उभा राहिला. या तटाची लांबी १९४० मीटर, म्हणजे दोन किलोमीटरलाही थोडी कमी, आणि उंची काही ठिकाणी २५ मीटरपर्यंत. सिंहगड-राजगड पाहिलेल्या माणसाला लांबीचे फारसे कौतुक वाटणार नाही. पण आपले गड डोंगरावर, आणि बहुतेक आता रिकामे. इथे तटाच्या आत अख्खे गाव, त्यात देवळे, मठ, विहिरी, दुकाने, वाळत घातलेले कपडे आणि असंख्य मांजरे! 

आत शिरल्याबरोबर एक मोठे गोल कारंजे लागते. नेपल्सकडच्या ओनोफ्रियो नावाच्या स्थापत्यकाराने १४३८ साली हे काम पुरे केले. सुमारे बारा किलोमीटरवरच्या झऱ्याचे पाणी केवळ उताराच्या जोरावर गावात आणले. आजही त्याच्या तोट्यांतून पाणी येते आणि ते पिता येते. आम्हीही बाटल्या भरून घेतल्या. पुण्याच्या माणसाला कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत आणलेल्या पेशवेकालीन नळाची आठवण होणे साहजिक आहे. फरक इतकाच की आपला नळ आता इतिहासप्रेमींच्या सहलीत बघायचा आणि यांच्या तोटीखाली पोरे डोके भिजवत होती.

कारंज्यापासून सरळ जाणारा रस्ता म्हणजे स्त्रादून. चुनखडीच्या पांढऱ्या फरश्या पायांनी घासून इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की पाणी सांडल्यासारखे वाटते. एकेकाळी इथे समुद्राची चिंचोळी पट्टी होती, ती बुजवून हा रस्ता झाला. गावात मोटारींना बंदी. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एक खांब आहे, त्यावर ओर्लांडो नावाच्या योद्ध्याचा पुतळा कोरलेला आहे. तो १४१८ सालचा. गंमत अशी की या योद्ध्याच्या कोपरापासून हातापर्यंतची लांबी हे गावाचे अधिकृत माप होते, आजच्या हिशोबात ५१.२ सेंटिमीटर. कापडाच्या मापाबद्दल भांडण झाले तर पुतळ्याचा हात! आपल्याकडे हातभर कापड म्हणतात, पण कोणाचा हात हे सांगत नाहीत. समोरच स्पोन्झा वाडा आहे, तिथे जकात नाका आणि टांकसाळ होती. त्याच्या कमानीवर लॅटिनमध्ये कोरले आहे, त्याचा मथितार्थ असा की इथली वजने कोणाला फसवू देत नाहीत, आणि मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. 

आता इतिहासाकडे वळतो.

या गावाचे जुने नाव रागुसा. १२०५ ते १३५८ ते व्हेनिसच्या ताब्यात होते. १३५८ साली व्हेनिसला हे सोडावे लागले आणि रागुसाने हंगेरीच्या राजाचे नाममात्र वर्चस्व मान्य करून आपला कारभार आपल्या हाती घेतला. तेव्हापासून १८०८ पर्यंत, म्हणजे साडेचारशे वर्षे, हे एक छोटे प्रजासत्ताक होते. झेंड्यावर शब्द होता 'लिबेर्तास', म्हणजे स्वातंत्र्य. राजा नाही. सरदार घराण्यांचे मोठे मंडळ, त्यातून सिनेट, आणि सर्वांत वर 'रेक्टर'. हा रेक्टर फक्त एका महिन्यासाठी निवडला जाई! त्या महिन्यात त्याने वाड्यातच राहायचे, सरकारी कामाखेरीज बाहेर पडायचे नाही, आणि पुढची दोन वर्षे पुन्हा त्या पदावर यायचे नाही. रात्री गावाचे दरवाजे बंद झाले की किल्ल्या त्याच्याकडे. आपल्याकडच्या सहकारी बँकांच्या संचालकांना हा नियम लावला तर काय होईल, असा विचार मनात येऊन गेला. असो.

सामान्य माणसाला मत नव्हते, हेही सांगायला हवे. सत्ता मूठभर घराण्यांचीच. पण वाड्याच्या चौकात एकच अर्धपुतळा आहे आणि तो कोणा सरदाराचा नाही. मिहो प्रात्सात हा लोपूद बेटावरचा खलाशी. त्याने आपली मोठी संपत्ती प्रजासत्ताकाला दिली, म्हणून १६३८ साली त्याचा पुतळा बसवला. कुठल्याही व्यक्तीचा गौरव होऊन ती डोईजड होऊ नये याची एरवी एवढी काळजी घेणाऱ्या लोकांनी हा एकच अपवाद केला.

याच मंडळींनी १४१६ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. त्याने गुलामी एका दिवसात संपली असे नव्हे, पण बंदरात पैसा मिळवून देणारा धंदा बंद करणारा कायदा त्या काळात करणे सोपे नसणार. १४३२ साली टाकून दिलेल्या मुलांसाठी अनाथालय काढले. फ्रान्सिस्कन मठातले औषधाचे दुकान १३१७ सालचे आहे आणि तिथे अजूनही औषधे विकतात. सौ.नी तिथून हाताला लावायचे मलम घेतले. सातशे वर्षे जुन्या दुकानातले म्हणून ते आता कपाटात जपून ठेवले आहे, हाताला कोणी लावत नाही.

आणि मग १३७७. हे साल आपण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. युरोपात प्लेगने थैमान घातलेले. व्यापार बंद केला तर गाव उपाशी मरणार आणि चालू ठेवला तर प्लेगने. तेव्हा रागुसाच्या मोठ्या मंडळाने ठराव केला की प्लेगग्रस्त भागातून येणाऱ्याने गावात शिरण्यापूर्वी मर्कान नावाच्या बेटावर किंवा शेजारच्या त्साव्तात गावी एक महिना काढायचा. गावातल्या कोणी नियम मोडून त्यांना भेटायला गेले तर त्यालाही तिथेच महिनाभर राहावे लागे. पुढे या मुदतीचे ठिकठिकाणी चाळीस दिवस झाले, आणि चाळीस या इटालियन आकड्यावरून क्वारंटाइन हा शब्द आला. प्लोचे दरवाजाबाहेर त्यासाठी बांधलेल्या लाझारेतीच्या इमारती अजून उभ्या आहेत. दगडी, लांबट, समुद्राकडे तोंड केलेल्या. त्यांच्यासमोर उभे राहिल्यावर २०२० आठवले नाही असा माणूस विरळा. आपण घरात बसून कंटाळलो, पण निदान घरात होतो.

जहाजावर आमच्या टेबलाला वाढणारा मुलगा सासष्टीचा, गोव्याचा. पहिल्या दिवशीच त्याने आमचे मराठी ऐकले आणि "अंकल, मुंबई की पुणे?" म्हणून सुरुवात केली. नंतर तो कोंकणीत आणि आम्ही मराठीत, असे छान चालायचे. लाझारेती पाहून आल्यावर मी त्याला ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "अंकल, २०२० साली आम्ही जहाजावर होतो. पॅसेंजर सगळे घरी गेले. आम्ही दोन महिने समुद्रात. कोणी बंदरात घेईना." मग त्याने हसून विचारले, "गाव कसे आहे हो आत? मी आठ-नऊ वेळा आलो इथे. दोनदा बंदराबाहेर पडलो, ते सिमकार्ड घ्यायला." मला पुढे काही सुचेना. मी मोबाईलवरचे फोटो दाखवले, त्याने ते मन लावून पाहिले आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

आता मूळ मुद्दा. या गावाकडे सैन्य म्हणावे असे काही नव्हते. तट होता, तोफा होत्या, पण तेवढ्यावर तुर्की सुलतान किंवा व्हेनिस थोपवणे शक्य नव्हते. मग साडेचारशे वर्षे टिकले कसे? उत्तर सोपे आहे. त्यांनी खंडणी भरली. तुर्कांचे राज्य दाराशी आले तेव्हा रागुसाने सुलतानाला दरसाल पैसे द्यायचे कबूल केले. १४८१ पासून हा आकडा १२,५०० सोन्याचे डुकाट असा ठरला. त्या बदल्यात सुलतानाच्या मुलुखात सवलतीच्या जकातीने व्यापार. दुसरीकडे, मुसलमानांशी व्यापार करण्याची परवानगी त्यांनी १४३३ साली चर्चकडून मिळवली होती. म्हणजे सुलतान खूश, पोप खूश, आणि यांची जहाजे दोन्हीकडच्या बंदरांत. इंग्रजीत मालाने भरलेल्या मोठ्या जहाजाला 'आर्गोसी' म्हणतात, तो शब्द रागुसा या नावावरूनच आला. 

शिवचरित्र ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या कानाला हे कसे लागते ते सांगायला नको. आपल्या गोष्टींमध्ये खंडणी शूराने वसूल करायची आणि भित्र्याने भरायची. तटावरून चालताना माझ्याही मनात हेच होते की झेंड्यावर स्वातंत्र्य लिहायचे आणि दरवर्षी पैसे पोचवायचे, हे कसले स्वातंत्र्य? 

घरी आल्यावर ही खंडणी पोचवणाऱ्यांबद्दल वाचले आणि मत बदलले. दरवर्षी सरदार घराण्यांतले दोघे वकील म्हणून निघत. बाल्कनचे डोंगर ओलांडून इस्तंबूलला जायचे, रक्कम भरायची, आणि दरबारात काय शिजते आहे ते बघत बराच काळ तिथेच राहायचे. 

६ एप्रिल १६६७ रोजी मोठा भूकंप झाला. हजारो माणसे मेली, रेक्टरही त्यात गेला. आज स्त्रादूनच्या दोन्ही बाजूंना एकसारखी दिसणारी जी घरे आहेत ती त्यानंतरची. मारोयित्सा काबोगा नावाचा एक सरदार तेव्हा सासऱ्याच्या खुनाबद्दल तुरुंगात होता. भूकंपात तो बाहेर पडला आणि पळून जाण्याऐवजी गाव सावरायच्या कामाला लागला. दहा वर्षांनी तुर्की वजीर कारा मुस्तफा याने रागुसाकडे अवाच्या सवा रक्कम मागितली. गाव अजून ढिगाऱ्यातून उठत होते, पैसे कुठून आणणार? वकील म्हणून पाठवलेल्यांत हा काबोगा होता आणि निकोला बुनिच नावाचा दुसरा सरदार होता. त्यांना सांगितले होते की काहीही झाले तरी जास्तीची रक्कम कबूल करायची नाही. त्यांनी ती केली नाही. दोघांनाही कैदेत टाकले. बुनिच १६७८ साली सिलिस्त्राच्या तुरुंगात मेला. काबोगा इस्तंबूलच्या कैदेत राहिला. १६८३ साली कारा मुस्तफा व्हिएन्नासमोर हरला आणि सुलतानाने त्यालाच मृत्युदंड दिला, तेव्हा कुठे हे संकट टळले आणि काबोगा घरी परतला.

या दोघांच्या हातात तलवार नव्हती. ठरलेली खंडणी भरू, पण त्यापुढे एक पैसा नाही, एवढेच त्यांना म्हणायचे होते, आणि तेवढे म्हणण्यासाठी एकाने जीव दिला. याला भित्रेपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लढून मेलेल्यांची गाणी होतात. वाटाघाटी करताना मेलेल्यांची होत नाहीत, पण त्यांच्यामुळेही कोणाची तरी घरे शाबूत राहतात.

त्यांच्या मुत्सद्देगिरीचा एक नमुना तर अजून नकाशावर दिसतो. १६९९ च्या तहात रागुसाने व्हेनिसची सरहद्द आपल्याला भिडू नये म्हणून मध्ये तुर्कांच्या मुलुखाची पट्टी येऊ दिली. तीच आज बोस्नियाची न्यूम नावाची किनारपट्टी. त्यामुळे दुब्रॉव्हनिक उरलेल्या क्रोएशियापासून जमिनीवर तुटलेले राहिले, आणि २०२२ साली पेल्येशाचचा पूल झाला तेव्हा कुठे परदेशात न शिरता तिकडे जाता येऊ लागले. तीनशे तेवीस वर्षांपूर्वीच्या शेजारधर्माचे बिल असे भरावे लागले.

शेवटी नेपोलियनपुढे हे शहाणपण चालले नाही. १८०६ साली फ्रेंच सैन्य आत आले आणि ३१ जानेवारी १८०८ ला जनरल मार्माँने प्रजासत्ताक बरखास्त केले. 

मग १९९१. दुब्रॉव्हनिक १९७९ पासून जागतिक वारसा यादीत होते, त्यामुळे त्याला कोणी हात लावणार नाही अशी लोकांची समजूत होती. १ ऑक्टोबरपासून युगोस्लाव्ह सैन्याने वेढा घातला. वीज आणि पाणी तुटले. ६ डिसेंबरला जुन्या गावावर सर्वांत मोठा तोफमारा झाला. जुन्या गावातल्या ८२४ इमारतींपैकी ६८ टक्के इमारतींना तोफगोळे लागले. वेढ्याच्या काळात ऐंशीहून अधिक नागरिक मेले. स्पोन्झा वाड्यातल्या एका खोलीत गाव राखताना गेलेल्या तरुणांचे फोटो ओळीने लावले आहेत. आम्ही गेलो तेव्हा बाहेर गर्दी आणि आत चारच माणसे. काही चेहरे अगदी कॉलेजातल्या मुलांसारखे. 

तटावरून खाली पाहिले की कौलांचा रंग दोन प्रकारचा दिसतो, काही फिकट पिवळट, बाकी लालभडक. लाल आहेत ती युद्धानंतर बसवलेली. सगळे प्रवासी त्या लाल छपरांचेच फोटो काढतात. आमच्याही फोटोंत तीच आहेत.

आता मनात सलणारी गोष्ट. आज या गावासमोर शत्रू नाही, पण आम्ही आहोत. २०१६ च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात दहा हजारांहून जास्त माणसे जुन्या गावात शिरली. मग नगरपालिकेने जहाजांवर मर्यादा घातली, एका वेळी दोन जहाजे आणि सुमारे चार हजार प्रवासी. तरीही तटाच्या आत राहणारे लोक कमी होत चालले आहेत. युद्धाच्या वेळी तिथे पाच हजारांच्या आसपास लोक राहत, आता दीड हजारही असतील-नसतील. घरे पाहुण्यांना भाड्याने देणे परवडते, राहणे परवडत नाही. वाण्याचे दुकान जाते आणि आइस्क्रीमचे येते. एका गल्लीत एक आजी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांचा फोटो काढत होता. त्या कोणाकडेच बघत नव्हत्या.

सुलतानाला किती द्यायचे याचा आकडा या लोकांनी ठरवून घेतला होता आणि त्यापुढे जाऊ दिले नाही. आज प्रवासी पैसे देतो, घेत नाही, म्हणून तो शत्रू वाटत नाही. पण गाव त्याच्या बदल्यात आपली माणसे देते आहे, आणि तो आकडा कुठे थांबवायचा हे ठरवणे बहुधा कारा मुस्तफाला नाही म्हणण्यापेक्षा अवघड आहे. दोन जहाजांची मर्यादा ही त्याची सुरुवात असावी. त्यामुळे आमच्यासारख्यांना पुढे जागा मिळाली नाही तरी माझी तक्रार नसेल. मालवण, महाबळेश्वर आणि गोव्यातल्या लोकांनाही हा आकडा कधीतरी ठरवावा लागणार आहे.

गोव्यावरून आठवले. दुब्रॉव्हनिकचा रक्षक संत म्हणजे सेंट ब्लेझ, तटावर जागोजागी हातात गावाची प्रतिकृती धरून उभा असलेला. जुन्या गोव्याजवळ गवंडाळी येथे याच संताचे, म्हणजे सांव ब्रासचे, चर्च आहे. सोळाव्या शतकात मसाल्याच्या व्यापारासाठी गोव्याला आलेल्या रागुसाच्या माणसांशी त्याचे नाते सांगितले जाते. शेवटच्या रात्री मी हे आमच्या सासष्टीच्या मित्राला सांगितले. त्याला ठाऊक नव्हते. "गवंडाळी? तिथे तर माझ्या मावशीकडे जाताना रेल्वेच्या फाटकात थांबतो आम्ही!" म्हणाला. त्याचे कंत्राट संपले की तो घरी जाणार आहे आणि ते चर्च पाहून मला फोटो पाठवणार आहे. आला की तुम्हालाही दाखवीन.